हिप्परगा तलावाच्या काठाने दिवसभर चालायचे आहे : वाट, अंतर आणि तयारी याविषयी

सोरेगावकर

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातील सहा मित्र आहोत. सगळे चाळिशी ते पंचावन्नच्या दरम्यानचे असून रोज सकाळी कंबर तलावाच्या परिसरात तासभर चालतो. आता सर्वांच्या मनात असे आले आहे की डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी उजाडताच निघावे, दिवेलागणीपर्यंत चालावे आणि तेही डांबरी रस्त्याने नव्हे, तर पाण्याच्या कडेने. शहराच्या जवळचे मोठे पाणी म्हणजे हिप्परग्याचे, म्हणजेच एकरुखचे तळे. म्हणून तेच ठरवले आहे. तीस किलोमीटर चालायचे, अशी घोषणाही आमच्यातल्या एका उत्साही मित्राने परस्पर करून टाकली आहे.

तलावाला पूर्ण फेरी एका दिवसात घालता येते का, आणि ती किती किलोमीटरची होते, हा माझा पहिला प्रश्न आहे. मोबाइलवरील नकाशात आम्ही प्रत्येकाने अंतर मोजून पाहिले, पण कोणाचेच उत्तर दुसऱ्याशी जुळले नाही. काठाने सलग पायवाट आहे, की शेतांतून वाट काढावी लागते? धरणाच्या भरावावरून चालायला परवानगी लागते का? वाटेत पिण्याचे पाणी मिळते, की सगळे पाठीवर न्यावे लागते?

आमच्यातले दोघे कोजागिरीला तुळजापूरला चालत जातात. जो माणूस पंचेचाळीस किलोमीटर चालून आईच्या दर्शनाला जातो, त्याला तलावाची फेरी म्हणजे काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, परंतु खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाटकरी

सोरेगावकर साहेब, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीचा बराच काळ तलाव आणि कालव्यांवरच गेला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या मोजमापांची उत्तरे जुळली नाहीत, यात मोजणाऱ्यांचा दोष नाही. तलावाचा परीघ ही कायम राहणारी गोष्टच नाही. पाणी जसे चढते तसे ते प्रत्येक ओढ्याच्या तोंडातून आत शिरते आणि काठाला खाचा पडत जातात. समोर दोनशे मीटरवर दिसणाऱ्या बांधापर्यंत पोहोचायला ओढ्याच्या वरच्या अंगापर्यंत जाऊन, तो ओलांडून, दुसऱ्या बाजूने परत खाली यावे लागते, आणि दोनशे मीटरचे दीड किलोमीटर कधी होतात ते कळतही नाही. पाणी उतरले की याच खाचा कोरड्या पडतात आणि माणूस त्यातून सरळ पलीकडे जातो. त्यातच नकाशातले उपग्रह छायाचित्र कोणत्या महिन्यातले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ते उन्हाळ्यातले असेल, तर त्यात दिसणारा काठ डिसेंबरमध्ये पाण्याखाली असतो. म्हणून किलोमीटरचा आकडा आधी ठरवून त्याच्या मागे धावू नये. किती तास चालायचे ते ठरवावे आणि अंतर पडेल ते पडू द्यावे.

बऱ्याच लोकांची फसगत भरावामुळे होते. हा तलाव अदिला नदीवर मातीचा भराव घालून केलेला आहे. काम १८६६ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पुरे झाले. भरावाची लांबी दोन किलोमीटरहून अधिक आणि सर्वाधिक उंची एकवीस मीटरच्या आसपास आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो आपल्या दुष्काळी मुलखात पाणी धरून उभा आहे, आणि कालव्यांखाली शेती भिजवण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पुढे शहरालाही पिण्यासाठी मिळू लागले, हे सोलापूरकराने विसरू नये. पण मूळ मुद्दा असा की शहरातून गेलेला माणूस भरावावर उभा राहतो, त्याला सरळ आणि सपाट माथा दिसतो, उजव्या-डाव्या हाताला पाणी आणि हिरवळ दिसते, आणि सगळी फेरी अशीच असेल असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात भराव अर्ध्या तासात संपतो. उरलेला सगळा दिवस बांध, नांगरट, ऊस, ज्वारी, ओढे आणि वेड्या बाभळीची झुडपे यांतून काढावा लागतो. काठाने सलग पायवाट नाही. गुराख्यांच्या, मेंढपाळांच्या आणि मासेमारीसाठी जाणाऱ्या भोयांच्या तुटक वाटा आहेत. त्या जिथे पाण्याला भिडतात तिथेच संपतात.

भरावाच्या पाण्याकडील अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचे अस्तर असते. त्यावर उतरून चालू नये, कारण दगड सुटलेले असतात, ओल्या दगडांवर शेवाळ असते आणि पाय घसरला तर खाली थेट खोल पाणी असते. सांडव्याच्या बाबतीतही तेच. परतीचा पाऊस चांगला झाला असेल, तर सांडव्यावरून डिसेंबरपर्यंतसुद्धा पाण्याची पातळ धार वाहत राहू शकते, आणि घोट्याएवढे दिसणारे ते पाणी निसरड्या फरशीवरून माणसाला सहज ओढून नेते. तिथे वळसा घालणे हाच उपाय आहे.

आता हंगामाविषयी, कारण खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे वर्षातला सर्वांत भरवशाचा पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे तलाव भरलाच, तर ऑक्टोबरच्या सुमारास भरतो. डिसेंबरमध्ये हवा चालण्याजोगी असते, पण पाणी वर असल्यामुळे चालण्याजोगा काठच उरत नाही आणि आपण लोकांच्या उभ्या पिकात ढकलले जातो. फेब्रुवारीनंतर पाणी मागे सरते, रुंद मोकळा काठ उघडा पडतो, परंतु तोवर दुपारचे ऊन पस्तीस अंशांच्या घरात गेलेले असते आणि काठावर झाडाची सावली मिळत नाही. माझ्या मते जानेवारीचा दुसरा पंधरवडा हा त्यातल्या त्यात उत्तम मेळ आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले मुख्य दिवस आटोपलेले असतात, थंडी असते, पाणी थोडे उतरलेले असते आणि काठावर हुरडाही मिळतो. डिसेंबरचा हट्ट असेल, तर यंदा तलाव किती भरला आहे हे आधी स्वतः जाऊन पाहून यावे.

पाणी उतरलेल्या भागाविषयी एक इशारा द्यायलाच हवा. उघड्या पडलेल्या गाळाची वरची साय वाळून भेगाळते आणि टणक दिसते, पण खाली चिखल ओलाच असतो. काळ्या मातीचा गाळ पाय धरतो तेव्हा बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. जिथे मेंढरांच्या खुरांचे ठसे उथळ उमटलेले दिसतात तिथे चालावे, आणि जिथे ठसे खोल गेलेले आहेत किंवा मुळीच नाहीत तिथून मागे फिरावे. दुसरे असे की शेतात टाकण्यासाठी तलावांतला गाळ यंत्राने उपसून नेला जातो. तो उपसल्यावर राहिलेले खड्डे पावसाळ्यात भरतात आणि वरून पाणी सगळीकडे सारखेच उथळ दिसते. म्हणून पाय धुण्यासाठीसुद्धा अनोळखी ठिकाणी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि पोहता येणाऱ्या मित्राला तर मुळीच जाऊ देऊ नये, कारण बुडण्याच्या घटना पोहता न येणाऱ्यांच्याच होतात असे नाही.

तिसरी गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. काठावर जागोजागी शेतकऱ्यांच्या पाणबुड्या मोटारी बसवलेल्या असतात आणि त्यांच्या केबली जमिनीवरून, गवतातून थेट पाण्यात गेलेल्या असतात. केबल ओलांडताना तिच्यावर पाय देऊ नये, स्टार्टरच्या पेटीला हात लावू नये, आणि मोटार चालू असेल तर त्या जागी पाण्यात पाऊल टाकू नये.

परवानगीविषयी सांगायचे तर धरणाचा भराव ही सरकारी मालमत्ता आहे, आणि कोठे जाऊ द्यायचे, कोठे नाही, हे तिथल्या पाटीवर आणि चौकीवरच्या माणसाकडून कळते. आदल्या आठवड्यात जाऊन विचारून यावे. शेतातून जाताना मालक दिसला तर थांबून नमस्कार करावा, कोण आहोत आणि कुठे निघालो आहोत हे सांगावे. एवढे केल्यावर कोणी अडवत नाही. न सांगता उसाच्या सरीतून सहा माणसे जाताना दिसली, तर अडवणारच, आणि ते योग्यही आहे.

भवानी पेठ

कोजागिरीला चालणाऱ्यांच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवे म्हणून लिहितो, कारण मी स्वतः त्यांच्यातला आहे. पाटकरी साहेबांचे सगळे म्हणणे मान्य आहे, तरीही तुळजापूरची वाट पायी करणारा माणूस नवखा नसतो. रात्रभर चालण्याने एक गोष्ट नक्की शिकायला मिळते, ती म्हणजे आपल्या पायाला त्रास कोठे होतो हे कळणे. ज्याची टाच सोलवटते, त्याची दर वेळी टाचच सोलवटते. सोरेगावकरांच्या त्या दोन मित्रांना हे ज्ञान आहे, उरलेल्या चौघांना नाही.

मात्र ते दोघे ज्या अनुभवाचा हवाला देतात, तो वेगळ्या परिस्थितीतला आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोजागिरीला रस्त्यावर जड वाहतूक वळवलेली असते, हजारो माणसे पुढे-मागे असतात, सोलापुरातल्या तुळजापूर वेशीपासून वाटेवरच्या तामलवाडीपर्यंत आणि पुढेही जागोजागी चहा, केळी, फराळ आणि पायाला तेल लावून देणारी मंडळे असतात. थकलेला माणूस तिथे बसला, तर त्याला उचलायला दहा हात येतात. शिवाय तो प्रवास रात्रीचा आहे, उन्हाचा प्रश्नच नाही. तलावाच्या काठावर यातले काहीही नाही. रस्त्यावर जो तासाला पाच किलोमीटर चालतो, तो ढेकळांतून आणि बांधावरून तीनच चालेल, आणि ते तीनही त्याला पाचापेक्षा जास्त दमवतील, कारण घोटा दर पावलाला वेगळ्या कोनात पडतो.

पायांविषयी थोडे लिहितो, कारण दिवस बिघडतो तो पायांमुळेच. नवे बूट घालून जाऊ नये. जे बूट रोज सकाळी घालता तेच घालावेत, पण त्यात बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा आहे ना हे पाहावे, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजते. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. खेळाडूंसाठी मिळणारे कृत्रिम धाग्याचे मोजे घालावेत आणि एक कोरडी जोडी पिशवीत ठेवावी. निघण्यापूर्वी टाच, बोटांच्या खाचा आणि मांड्या यांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. फोड एकदम येत नाही. आधी त्या जागी गरम लागू लागते. त्याच वेळी, पुढच्या थांब्याची वाट न पाहता, बूट काढून तिथे दवाखान्यात वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावली, तर फोड येत नाही. ‘थोडेच राहिले आहे, पोहोचल्यावर बघू’ असे जो म्हणतो, तो पुढचे चार दिवस चपलेत कार्यालयात जातो. आलेला फोड फोडू नये.

काठावर वेड्या बाभळीचे काटे असतात. ते चालण्याच्या मऊ बुटाच्या तळातून आरपार येतात. त्यासाठी जाड तळाचे बूट बरे, आणि पिशवीत चिमटा असावा.

आणखी एक सांगतो, रागावू नये. तीस किलोमीटरची घोषणा करणारा जो मित्र आहे, त्याला सर्वांत मागे ठेवावे आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे. आमच्या दिंडीत हाच नियम आहे. वेगवान माणूस पुढे गेला की थांबून वाट पाहतो आणि बाकीचे पोहोचताच पुन्हा निघतो. अशा रीतीने ज्याला विश्रांती हवी असते त्याला ती कधीच मिळत नाही आणि ज्याला नको असते त्याला भरपूर मिळते. दुपारी तीननंतर गटात भांडणे होतात ती बहुतेक यावरूनच.

माळरान

मी पक्षीनिरीक्षणासाठी हिवाळ्यात या तलावावर येत असते, त्यामुळे चालण्यापेक्षा थांबण्याचा अनुभव मला जास्त आहे. तरीही वरील चर्चेत वेळेचा हिशेब कोणी मांडलेला नाही, तो मांडते.

डिसेंबरअखेरीस सोलापुरात साधारण सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तास असतो. सातला चालायला सुरुवात करून चारला शेवटच्या टप्प्यावर पोहोचायचे ठरवले, तर नऊ तास हाती येतात. शेवटचे दोन तास मी मुद्दाम वगळले आहेत, कारण चुकलेली वाट, सुटलेला बूट आणि आखडलेला गुडघा यांच्यासाठी ते लागतात. नऊपैकी दोन तास जेवण आणि विश्रांतीचे. उरले सात. काठाने तासाला तीन किलोमीटर धरले, तर एकवीस किलोमीटर होतात. सहा माणसांच्या गटाला याहून जास्त जमेल, असे मला वाटत नाही. त्यामुळे तीसचा आकडा रस्त्यासाठी राखून ठेवावा. एकवीस किलोमीटर म्हणजे सुमारे तीस हजार पावले होतात, आणि रोज तासभर चालणाऱ्या माणसासाठी ते थोडे नाही.

पाटकरी काका फेरीविषयी जे म्हणाले, त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन मी म्हणेन की फेरीचा विचारच सोडावा. एकदा अर्ध्याहून पुढे गेल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते, आणि समोर फुगलेला ओढा आला की फेरीच्या हट्टापायी माणसे नको तिथून तो ओलांडू पाहतात. त्यापेक्षा एकाच बाजूच्या काठाने जावे, ठरलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून वळावे आणि त्याच वाटेने परत यावे. येताना वाट ओळखीची असते, केबली आणि चिखल कोठे आहे ते माहीत असते, आणि ज्या शेतकऱ्याला सकाळी नमस्कार केला त्याच्याकडे संध्याकाळी चहाही मिळतो. त्याच वाटेने परतण्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही, कारण सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात तोच काठ पूर्णपणे निराळा असतो.

उजेडाचा विचार दिशा ठरवतानाही करावा. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. उत्तरेकडे जाताना तो पाठीवर राहतो आणि दक्षिणेकडे परतताना तोंडावर येतो. म्हणून परतीसाठी पुढे छत्रीसारखी झालर असलेली टोपी हवी, नुसती सकाळच्या थंडीची कानटोपी पुरत नाही. पक्षी पाहायचे असतील, तर सकाळी पूर्वेकडच्या काठावर असावे, म्हणजे ऊन मागून येते आणि पाण्यावरचे रंग स्पष्ट दिसतात. समोरून ऊन असेल तर सगळी बदके काळीच दिसतात.

चक्रवाक जोडीजोडीने उथळ कडेला असतात आणि माणूस दिसताच लांबूनच ओरडून सगळ्या तलावाला सावध करतात. थापट्या बदके चपटी चोच पाण्यावर फिरवत गोल गोल तरंगतात. चांदवे शेकड्यांनी असतात. उंच लाल पायांचे शेकाटे, खंड्या, धोबी, तुतवार हे तर जवळूनही दिसतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात आणि दिवसा पाण्यावर विसावून पहाटे-संध्याकाळी शेतांत चरायला जातात. त्यामुळे सातच्या आत भरावाजवळ असलात, तर त्यांचे थवे डोक्यावरून जाताना दिसण्याची शक्यता आहे. रोहित पक्षी मात्र पाणी उथळ झाल्यावर येतात. आपण आणि थवा यांच्यात शंभर-दीडशे मीटर अंतर राखावे. थवा उठवून छायाचित्र काढणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण खाण्याच्या वेळेला उठवलेल्या पाखराची ताकद विनाकारण खर्च होते. फेब्रुवारीनंतर जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. टिटव्या आणि नदीसुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांत मिसळून जातात. टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली की तिथून बाजूला व्हावे.

पाणी पिण्याचे सगळे बरोबर न्यावे. माणशी तीन लिटर, आणि त्याशिवाय जलसंजीवनीच्या दोन पुड्या. एक पुडी एक लिटर पाण्यातच घालायची असते, अर्ध्या बाटलीत नाही. तलावाचे पाणी पिऊ नये, आणि त्यात साबण लावून हातपायही धुऊ नयेत, कारण तेच पाणी पुढे शहराच्या नळाला येते. जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही यांच्यासारखे दुसरे काही नाही. कडक भाकरी पिशवीत दिवसभर राहिली तरी बिघडत नाही. चटणीने तहान लागते, हे लक्षात ठेवून ती दुपारच्या मोठ्या थांब्यालाच खावी. चालता चालता गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात.

गवतातून चालताना काठी आपटत जावे. आपल्या भागात घोणस असते आणि थंडीत ती उन्हाला येऊन पडते. दंश झालाच, तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यातले काहीही न करता तो अवयव हलू न देता माणसाला सरळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. झाडावर किंवा बांधकामाला आग्या मोहोळ दिसले, तर त्याखाली विडी-सिगारेट नको आणि अत्तर लावून आलेल्या मित्राने लांबूनच जावे.

सोरेगावकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आपले प्रतिसाद सर्व मित्रांना वाचून दाखवले. फेरीचा आणि तीस किलोमीटरचा हट्ट मागे घेतला गेला असून, एका बाजूने जाऊन साडेअकराला जिथे असू तिथून परतायचे, असे एकमताने ठरले आहे. घोषणा करणाऱ्या मित्राला शेवटच्या जागेवर ठेवण्याचा ठरावही मंजूर झाला. त्याने विरोध केला, पण तो एकटाच होता. हुरड्याचा उल्लेख वाचल्यावर तारीख जानेवारीवर नेण्यास कोणाचीच हरकत उरली नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक मित्र म्हणतो की चालायचेच तर उजनीच्या काठाने का नको, पाणी कितीतरी मोठे आहे आणि रोहित पक्षीही हमखास दिसतात. दुसरे असे की माझे वडील सत्तरीचे आहेत, प्रकृती ठणठणीत आहे, आणि त्यांनी ‘मीही येणार’ असे जाहीर केले आहे. त्यांना नाही म्हणण्याची माझी छाती नाही.

पाटकरी

उजनीचे पाहा. ते धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्याचा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेल्या तळाच्या पाण्याचा आहे. पातळी त्याच्याही खाली गेली की उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी वजा’ असे छापून येते. एवढ्या मोठ्या सपाट जलाशयात पाण्याची पातळी थोडी जरी बदलली, तरी काठ खूप दूर सरकतो. हिप्परग्याला ज्या अडचणी आहेत, त्याच तिथे कितीतरी मोठ्या प्रमाणात आहेत. पाणी मागे सरकून उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे गाळातली पेरणी होते, ती पिके तुडवता येत नाहीत. शिवाय सोलापुरातून जाण्या-येण्यातच दिवसाचे चार तास जातात, ते चालण्याच्या उजेडातून वजा होतात. उजनीला नावेतून पक्षी पाहायला जावे, चालायला हिप्परगा बरा. तलावाजवळून जाणाऱ्या तुळजापूर रस्त्यावर गाड्या दिवसभर असतात, त्यामुळे कोणी मध्येच थकले तरी रस्त्याला लागून घरी जाऊ शकतो. पहिल्या वेळेला ही सोय सर्वांत महत्त्वाची आहे.

माळरान

बाबांना जरूर न्या, पण सकाळी सहा जणांबरोबर नाही. त्यांच्याबरोबर भरावाजवळ सकाळचा पहिला तास घालवा, पट्टकादंबांचे थवे त्यांनाही दिसू द्या, आणि नंतर त्यांना रिक्षाने घरी पाठवा. दुपारी परतीच्या वाटेवर जो टप्पा गाडीरस्त्याला लागून असेल, तिथे त्यांनी जेवण घेऊन यावे. म्हणजे भाकरीचे ओझे तुमच्या पाठीवर राहणार नाही आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर भरावावरून ते तुमच्याबरोबर चालतील. तो टप्पा तुम्ही आधी पाहणीला जाल तेव्हाच नक्की करा, आणि तिथे मोबाइलला रेंज आहे का तेही बघा, कारण नाही तर दुपारी एक वाजता सहा उपाशी माणसे आणि एक जेवणाचा डबा एकमेकांना शोधत फिरतील.

भवानी पेठ

डब्यात शेंगाचटणी दोन प्रकारची ठेवा, एक कमी तिखटाची. आणि बाबांचे बूट मात्र आदल्या दिवशी तुम्ही स्वतः बघा. त्या वयाची माणसे नवे बूट अशाच दिवसासाठी जपून ठेवतात.